डाव्या हाताचा विळा

मित्रांनो, तुमच्या घरी विळा आहे का? भाजी चिरायची विळी नव्हे हं, गवत कापायचा विळा. असला, तर तो उजव्या हाताचा आहे की डाव्या हाताचा, हे कधी पाहिलंत? “विळ्याला कसला आलाय डावा-उजवा?” असंच म्हणालात ना? मीसुद्धा चाळीस वर्षं तेच म्हणत होतो. माझं मत बदलायला आमच्या घरातल्या एका मुलीच्या बोटाला तीन टाके पडावे लागले. ती गोष्ट सांगतो. पण आधी आमच्या अंगणातल्या गवताची सांगायला हवी. गवत नसतं, तर विळाही घरात आला नसता.

आमचं घर पालमला. परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. गंगाखेडहून लोह्याकडं निघालात, की वाटेत लागतं. गोदावरीच्या खोऱ्यातली आमची माती काळीभोर. लाव्हारसापासून झालेला बेसॉल्ट खडक हजारो वर्षं झिजत गेला, त्याची ही माती. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि सुकले की आकसतात. म्हणून मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती तळपायाला अशी धरून बसते, की पाय पुढं येतो आणि चप्पल मागं राहते. कापसाला ही माती सोनं. अंगणात मात्र वैरीण!

जुलै 2013 मध्ये या वैरिणीनं आईला पाडलं. दोरीवरचे कपडे काढायला ती पावसात धावली, पाय सरकला आणि उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत आई डाव्या हातानं वेणी घालायची, डाव्या हातानं वरण ढवळायची, आणि दर थोड्या वेळानं चिडून म्हणायची, “हा हात माझा हायच की न्हाई? ऐकतच न्हाई बघा!” हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, एसटीतून निवृत्त झाले होते. अंगणात फरशी घालावी, असं मी पुण्याहून फोनवर सुचवलं. मी तेव्हा पुण्याला नोकरीला होतो, आणि लांब असलेल्या माणसाला सल्ले फार सुचतात. अण्णा म्हणाले, “मे महिन्यात त्या फरशीवर पाय ठेवायला तू येणारेस का?” बरोबरच होतं. आमच्याकडं पारा 42च्या वर जातो, फरशी तव्यासारखी तापते. अण्णांनी ठरवलं, गवत लावायचं. गवताची मुळं माती घट्ट धरतात, पावसाचं पाणी जिरवतात आणि पायाला चिखल लागू देत नाहीत. गवत कुठलं? तर हरळी.

हे ऐकून आमचे थोरले काका पोट धरून हसले. ते शेतकरी. म्हणाले, “आरं बाबा, जी काढता काढता माझी जिंदगी गेली, ती हरळी तू हौसेनं लावायलास?” आणि दुसऱ्याच दिवशी पोतंभर हरळी आणून दारात ओतली. “ने, आनंदानं ने. आणखी लागली तर सांग, सगळं शेत खणून ने!”

काकांचं हसणं समजायला हरळीचा स्वभाव ठाऊक हवा. ती जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही धावते. प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतं. नांगरानं तिचे दहा तुकडे केले, तर दहा हरळ्या होतात! म्हणून शेतकऱ्याला ती नकोशी. आणि गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, त्या हिच्याच कोवळ्या तुऱ्या. शहरातल्या मोठमोठ्या मैदानांवर ‘बर्म्युडा ग्रास’ या रुबाबदार नावानं वाढवतात, तीही हीच किंवा हिचीच भावंडं. एकच गवत. शेतात शत्रू, देवघरात प्रसाद आणि मैदानावर साहेब.

आमचं गवताचं वाफं म्हणाल, तर वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. जमीन तयार करायला अण्णांनी कुदळ घेतली. वीतभर खोल खणलं, खडे वेचले, फावड्यानं माती ओढली, दाताळ्यानं सारखी केली. मग दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे वीतभर अंतरावर खोचत गेले. या खोचण्याच्या कामाला शेजारच्या काकू मदतीला आल्या. त्या रोजानं खुरपणीला जातात. अण्णांनी नवंकोरं खुरपं त्यांच्या पुढं केलं. काकूंनी ते हातात घेतलं, एकदा वर-खाली केलं आणि परत दिलं. पदराआडून स्वतःचं खुरपं काढलं. पातं झिजून निम्मं झालेलं, मूठ काळी कुळकुळीत.

“नवं हाय की, ते घ्या ना,” अण्णा म्हणाले.

“मूठ जाड हाय त्याची. दोपारपतूर बोटं आखडत्यात.”

मी त्या वेळी सुट्टीवर आलो होतो, शेजारीच उभा होतो. मला वाटलं, बाईंची सवय असेल, दुसरं काय! काकूंनी मला खुरपं कसं निवडायचं ते सांगितलंसुद्धा. मूठ आवळली की बोटांची टोकं तळव्याला नुसती टेकली पाहिजेत. टेकत नसतील, तर मूठ जाड. तळव्यात रुतत असतील, तर बारीक. आणि करंगळी मुठीबाहेर लोंबकळायला नको. मी मान डोलावली आणि विसरून गेलो. शिकलेल्या माणसाचं असंच असतं बरं का!

गवत छान धरलं. काकू मधूनमधून येऊन तण काढायच्या. त्यातला लव्हाळा सगळ्यांत लबाड. वरून उपटला की हातात पान येतं, आणि खाली जमिनीत त्याच्या गाठी माळेसारख्या एकीला एक जोडून तशाच राहतात. त्याला अणकुचीदार खुरपंच हवं, ओल्या जमिनीत खोल घालून गाठीसकट उचलायला. गाजर गवताला मात्र हत्यार लागतच नाही. ते फुलायच्या आत मुळासकट उपटायचं, पण हातमोजे घालून. पुष्कळांच्या अंगाला त्यानं खाज सुटते. हे परदेशी गवत 1950च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा लक्षात आलं, आणि आता देशात कुठं नाही ते विचारा.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी मोठा पराक्रम केला. पुण्याहून गवत कापायचं यंत्र घेऊन आलो! विजेचं नव्हे, हातानं ढकलायचं. पनवेल-नांदेड गाडीनं गंगाखेडला उतरलो आणि पुढं एसटी धरली. कंडक्टरनं विचारलं, “काय आहे हे?”

“गवत कापायचं यंत्र.”

“कुठं?”

“पालम.”

त्यानं एकदा यंत्राकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता सामानाचं तिकीट फाडलं.

या यंत्राची जन्मकथा मोठी मजेची आहे. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचं गाव आहे. तिथं लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर जी लव उभी राहते, ती सारखी कातरायला एक यंत्र असे. गोल फिरणाऱ्या रुळावर तिरपी पाती, आणि खाली एक स्थिर पातं. एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं ते पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, कापडावरची लव कातरता येते, तर जमिनीवरची का नाही? 1830 साली त्यानं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तोवर साहेबलोकांची हिरवळ गडी माणसं लांब दांड्याच्या कोयत्यांनी, पहाटे दवात, कापत असत. हाताच्या यंत्रांत आजही तीच युक्ती आहे. फिरतं पातं आणि स्थिर पातं मिळून कात्रीसारखं काम करतात. विजेच्या पुष्कळशा यंत्रांत मात्र एकच पातं भिंगरीसारखं गरागरा फिरतं आणि गवताला फटका मारून तोडतं. म्हणून त्याला धार नसेल, तर पात्यांची टोकं फाटतात आणि दोन दिवसांनी सगळी हिरवळ वरून पांढुरकी दिसते.

आता माझ्या यंत्राचं काय झालं ते ऐका. पहिल्या दिवशी फर्स्टक्लास चाललं. आळीतली मुलं जमली, सगळ्यांनी पाळीपाळीनं ढकललं. दुसऱ्या वेळी एक मुरमाचा खडा पात्यांत गेला. ‘कट्’ असा आवाज झाला आणि दोन पात्यांना खोका पडला. अण्णांनी वेचूनही खडे राहिले होते. आमच्याकडची जमीन आतून खडे वर ढकलते. पुढं पावसाळा आला. गवत वाढतं पावसाळ्यात, आणि नेमकं तेव्हाच ओल्या काळ्या मातीनं यंत्राची चाकं चिकटून बसली. ती सोडवून ढकललं, तर चाकांचे चर पडले. दोष यंत्राचा नव्हता. ज्या सपाट, कोरड्या मैदानासाठी ते केलेलं, ते आमचं अंगण नव्हतं. यंत्र पाहायला मी दुकानात गेलो. अंगण पाहायला घरी आलोच नाही. सध्या ते जिन्याखाली आहे. मांजरी त्याच्यामागं पिल्लं घालते, एवढाच उपयोग.

मग मी बाजारातून तीन विळे आणले. एकसारखे तीन, एकाच मापाचे.

आता ती गोष्ट.

माझी पुतणी तेव्हा सहावीत होती. डावखुरी. चेंडू डाव्या हातानं फेकायची, रांगोळी डाव्या हातानं काढायची. जेवताना मात्र आजीच्या, म्हणजे आमच्या आईच्या, धाकानं उजवा हात. वहीत लिहितानासुद्धा आजी मागं उभी असली, की पेन्सिल उजव्या हातात जायची. आजी गेली, की डाव्यात यायची. आम्ही सगळे हसायचो. ती हसायची नाही, हे आम्ही पाहिलं नाही.

2014 सालच्या गणपतीचा आदला दिवस. पाहुणे यायचे होते, गवत पोटरीएवढं झालेलं. मी, माझा भाऊ आणि पुतणी, तिघं तीन विळे घेऊन बसलो. तिनं विळा डाव्या हातात धरला. आई ओट्यावरून ओरडली, “उजव्या हातानं धर गं! शुभ काम हाय.” पुतणीनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी, मित्रांनो, काय म्हणालो असेन? म्हणालो, “आजी सांगते तसं धर.”

तिनं उजव्या हातात विळा घेतला. डाव्या हातात गवताचा झुबका धरला. गवत ओलं होतं. विळा बोथट होता. बाजारातून आणल्यापासून मी त्याला दगड दाखवला नव्हता. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो. विज्ञानाच्या पुस्तकात दाबाचं सूत्र आहे ना, बल भागिले क्षेत्रफळ? धार बारीक असली, की क्षेत्रफळ इवलंसं आणि थोड्या बळात काम होतं. धार गेली, की क्षेत्रफळ वाढलं आणि बळ वाढवत न्यावं लागतं. आणि जास्त बळ लावलेलं हत्यार निसटलं, तर जास्त बळानंच निसटतं. तिच्या ज्या हाताला ताबा नव्हता, त्याच हातात ते हत्यार होतं. विळा ओल्या गवतावरून घसरला आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर आला.

ती रडली नाही. बोट दुसऱ्या हातात घट्ट धरून “काका, काका” एवढंच म्हणत राहिली. भावानं मोटारसायकल काढली, मी मागं तिला धरून बसलो. डॉक्टरांनी जखम धुतली, तीन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, “हाडापर्यंत गेलं नाही, नशीब.” घरी आलो, तर आई देवापुढं बसली होती. पुतणीला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग आपलं उजवं मनगट, जे पाऊस आला की अजून दुखतं, ते चोळत म्हणाली, “सा आठवडे डाव्या हातानं काम करावं लागलं, तर मी घर डोक्यावर घेतलं. तुला तर मी रोजच करायला लावलालेव गं.”

दुसऱ्या दिवशी दूर्वा वाहताना पुतणीच्या उजव्या हातात दूर्वा होत्या, कारण डाव्याला पट्टी होती. आईनं स्वतःच सांगितलं, “पट्टी निघाली, की जो हात यील त्यानं वाहा. देव काय हात बघतो का?”

पण पुतणी गवताकडं फिरकेना. विळा दिसला, तरी बाजूनं जायची. मला वाटलं, तिला सोपं काहीतरी द्यावं. गवताची मोठी कात्री आणली, दोन हातांनी धरायची नव्हे, एका हाताची. तिनं डाव्या हातात धरून चालवली आणि गवत कापलंच जाईना. दोन पात्यांच्या मधे नुसतं दुमडायचं. आधी मला कात्री खराब वाटली. मी हातात घेतली, तर कचाकच कापते! तुमच्याकडं साधी कागद कापायची कात्री असेल, तर आत्ताच करून पाहा. उजव्या हातानं कात्री दाबताना अंगठा आणि बोटं नकळत दोन्ही पाती एकमेकांवर घासत ठेवतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली, की तोच जोर पात्यांना एकमेकांपासून दूर करतो. कात्रीत दोष नाही, मुलातही नाही. वर्गात कुणी डावखुरा मित्र वेडावाकडा कागद कापत असेल, तर त्याला हसण्याआधी कात्री कोणत्या हाताची आहे ते बघा.

हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. आईबाबांनो, तुम्हाला कळलेलं असेल, तर तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे.

पुढचा मे महिना. 2015. पावसाळ्याआधी घिसाडी लोकांचं एक बिऱ्हाड गावाबाहेर रस्त्याकडेला पाल ठोकून उतरलं. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार. पेरणीच्या आधी शेतकऱ्यांची अवजारं नीट करून द्यायची आणि पुढच्या गावाला जायचं. आमची कुदळ बोथट झाली होती, ती घेऊन मी निघालो. पुतणी बरोबर आली, खुरपं धरून. विळा मीच पिशवीत टाकला होता.

तिथलं काम पाहण्यासारखं असतं. पुरुष सांडशीनं लालभडक लोखंड ऐरणीवर धरतो आणि घण घालते ती बाई! डोक्यावरून फिरवून, बरोबर जिथं हवा तिथं. तो नुसता सांडशी वळवतो, ती समजते. भाता जाऊन आता हातानं फिरवायचा पंखा आला आहे, तो त्यांचा मुलगा फिरवत होता. कुदळ झाली, खुरपं झालं. मग बाईनं विळा उचलला. धारेवरून अंगठा आडवा फिरवला, आडवा हं, लांबीनं नव्हे.

“ह्यो कोन वापरतं?”

मी पुतणीकडं बोट दाखवलं. ती माझ्यामागं गेली. बाईच्या डोळ्यांतून तिच्या बोटावरचा व्रण सुटला नाही.

“पोरी, कोन्त्या हातानं दगड मारतीस?”

मला हा प्रश्न फार आवडला. जेवतेस कुठल्या हातानं, लिहितेस कुठल्या हातानं, हे विचारलं नाही. ते मोठ्यांनी शिकवलेलं असतं. दगड मारायला कुणी शिकवत नाही! पुतणीनं हळूच डावा हात वर केला.

“मंग हे तिच्या हाताचं न्हाई.” बाईनं विळा माझ्यापुढं धरून दाखवला. पात्याची एक बाजू सपाट होती आणि दुसऱ्या बाजूला घासून उतार दिलेला. उजव्या हातात धरला, की सपाट बाजू खाली जमिनीकडं आणि उतार वर. त्यामुळं पातं गवताच्या बुडाशी लागून सरळ चालतं. डाव्या हातात धरायचा, तर विळा उलटा करावा लागतो, कारण बाक आपल्याकडं यायला हवा. मग उतार खाली जातो आणि पातं गवतावर चढतं, वर उसळतं. मी तीन विळे आणले होते, तिन्ही उजवे. बाजारात बहुतेक उजवेच असतात, आणि मी विचारलंही नव्हतं.

“डावा करून मिळंल का?” मी विचारलं.

“का न्हाई मिळनार?”

नवऱ्यानं ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा एक तुकडा काढला. जुन्या गाड्यांच्या कमानी ही या लोकांची खाण. ते पोलाद लवचीक असतं आणि धार धरतं. तुकडा भट्टीत गेला, लाल झाला, नारिंगी झाला. घण पडू लागले. हळूहळू त्याला बाक आला. मग घासणी, उतार दुसऱ्या अंगाला. शेवटी पुन्हा तापवून धारेची कड पाण्यात बुडवली. चर्र! याला पाणी देणं म्हणतात. तापलेलं पोलाद एकदम थंड केलं, की कडक होतं. पण फार कडक झालं, तर काचेसारखं तडकतं. किती तापवायचं ते तो रंगावरून ओळखत होता. थर्मामीटर नाही की काही नाही. मूठ बाभळीची. ती मात्र पुतणीच्या हातात चार वेळा देऊन, तासून, पुन्हा देऊन बसवली. बोटांची टोकं तळव्याला नुसती टेकली. काकूंचं बोलणं मला तेव्हा आठवलं, दीड वर्षांनी!

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्यापासून पूर्वेला, तेलंगणात निजामाबादकडं, कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. तिथं पूर्वी मुशीत पोलाद बनवत, आणि ते नेण्यासाठी इराणपासून व्यापारी येत. तलवारींसाठी जगभर नावाजलेलं ते दख्खनचं पोलाद. सप्टेंबर 1948 पर्यंत ते गाव आणि आमचा परभणी जिल्हा एकाच हैदराबाद संस्थानात होते. रस्त्याकडेच्या त्या भट्टीपुढं उभं असताना मला हे आठवत होतं, आणि तरी मी काय केलं? त्यांनी दीडशे रुपये सांगितले, तर मी म्हणालो, “शंभर घ्या.”

बाई घण टेकवून म्हणाली, “दवाखान्यात बोटाचे किती दिले, सायेब?”

मी दीडशे दिले.

त्या वर्षी पावसानं दगा दिला, आदल्या वर्षीही दिलाच होता. नव्या विळ्याला फारसं काम पडलं नाही. 2016 चा उन्हाळा तुमच्या आईबाबांना आठवत असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. लातूर आमच्यापासून काही फार लांब नाही. हिरवळीला पाणी किती लागतं, याचा हिशेब पुतणीनं वहीत मांडला होता. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर 1 लिटर. आमचं गवत साधारण 28 चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर द्यायचं म्हटलं, तर 140 लिटर! तेवढ्यात आमच्या घराचा पिण्याचा आणि स्वयंपाकाचा किती दिवसांचा खर्च भागेल, ते तिनं पुढं लिहिलं आणि वही अण्णांपुढं ठेवली. अण्णांनी पाणी बंद केलं. मी आणलेला रबरी पाइप गुंडाळून ठेवला. तो तसाच आहे. आता फक्त झारी, तीही भांडी विसळलेल्या पाण्याची, आणि तीही पहिली तुळशीला.

गवत वाळून काडीकाडी झालं. पुतणी रोज वाकून बघायची. एकदा थोरल्या काकांना म्हणाली, “मेलं का हो आजोबा?” काका म्हणाले, “हरळी मरत असती, तर मी सुखी नसतो का झालो? निजलीय ती. पाण्याचा आवाज आला की उठंल.” जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर खरंच ती उठली. आधी कडेनं, मग मधे, आणि पंधरा दिवसांत काका आपल्या शेतात पुन्हा तिला शिव्या देऊ लागले.

तुम्हाला दारात हिरवळ करायची असेल, तर मला एवढंच सुचतं, की गवत आधी लावा, थोडं लावा, आणि हत्यारं एकेक करून आणा. पहिल्या पावसाळ्याला कुदळ, दाताळं आणि खुरपं पुरे. कुदळ तर शेजाऱ्याची मागून आणलेलीही चालते. दाताळ्याचा दांडा उभं राहून हनुवटीपर्यंत यायला हवा, नाहीतर संध्याकाळी पाठ तुमच्याशी बोलेल. दांड्याला रंग दिलेला असेल, तर घेऊ नका. रंगाखाली गाठ लपते आणि दांडा गाठीपाशीच मोडतो. विळा घेताना ज्याला वापरायचाय, त्याला बरोबर न्या. कुरुंदाचा दगड घरात ठेवा, काम झालं की पातं पुसून गोड्या तेलाचं बोट फिरवा. धार मोठ्या माणसानं लावायची, आणि विळा चालवताना मोठं माणूस शेजारी हवंच. ते मोबाइल बघत असेल, तर त्याला शेजारी धरू नका. गवत एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, ते दुखावतं. यंत्र? तुमचं अंगण खरंच मैदानासारखं असेल तर जरूर घ्या. नाहीतर आमचं घेऊन जा. मांजरीला विचारून.

पुतणी आता शिकायला बाहेरगावी असते. गणपतीला घरी आली, की दूर्वा नखानं खुडते, डाव्या हातानं, आणि आई ताट धरून उभी असते. नंतर ती विळा काढते. त्याला पडवीत स्वतंत्र खिळा आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. मागच्या गणपतीत ती चहा प्यायला आत गेलेली पाहून मी तो हळूच घेतला आणि दोन हात मारून पाहिले. गवत नुसतंच वाकलं. वर बघतो, तर ती कप हातात घेऊन दारात उभी, आणि हसत होती.